डावी कळी

सांगली

तीर्थस्वरूप बिराप्पामामांस,

भाची अंजनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (जत्रेपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, तरी विचारते.)

"देवानं उजवा कौल दिलाय, जाऊ द्या पोरीला सांगलीला." हे तुमचं वाक्य अजून कानात आहे. बारावीनंतर घरचे अडून बसले होते. पुजारी म्हणून तुम्ही देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्यात, उजवी आधी पडली, आणि मी माणमधलं गाव सोडून इथं कॉलेजात आले. पुढे लग्न, शाळेतली नोकरी, आणि आता या वयात संख्याशास्त्राची एम.एस्सी. (वर्गातली मुलं काकू म्हणतात आणि पंख्याखालची जागा देतात.) संभाव्यतेच्या पेपरात दोनदा आपटले. उरली भिस्त प्रकल्पावर. सरांनी यादृच्छिक घटना तपासायला सांगितली. बाकीच्यांनी घरी बसून नाणी उडवली, आणि मला दुर्बुद्धी सुचली म्हणून मी जत्रेत येऊन तुमचे कौल टिपले. उजवे इतके पडले, की दोन्ही बाजूंना सारखी संधी असते हे गृहीतक जागच्या जागी झोपलं. ते मी तिथेच, रांगेसमोर समजावून सांगितलं. (मास्तरीण आहे, हळू बोलता येत नाही.) रांगेतल्या साळूबाई म्हणाल्या, "आवं पुजारी, मग माझ्या पोरीचं लगीन देवानं मोडलं का तुमी?" रांग पांगली. तुम्ही ओले हात धोतराला पुसत राहिलात.

वर सरांनी प्रकल्प परत केला, म्हणाले, डावी पडली की पुजारी "देव अजून जागा न्हाई" म्हणून पुन्हा कळ्या लावतो, मग ही निरीक्षणं स्वतंत्र कशी, मॅडम? म्हणजे मामाही गेला आणि मार्कही.

पुस्तक उघडलं की आता रांगेतल्या बायकाच दिसतात. कुणाला शिकायचं होतं, कुणाला नको असलेल्या घरात जायचं नव्हतं. त्यांची डावी कळी तुम्ही अंगठ्यानं घट्ट दाबत होता, त्यांच्या मनासारखी उजवी आधी पडावी म्हणून. माझीही दाबली असणार. हे ज्यात बसेल असं सूत्र मला अजून सापडलेलं नाही.

तुमची,
अंजना

ता. क. पेपर सोमवारी आहे. ही शेवटची संधी. काहीही येत नाही.

ता. क. माझ्यासाठी एक कौल लावाल? डावी तेवढी दाबून. नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. पण या वेळी मी मोजायला येणार नाही.