हलका व्हॅक्यूम हवा कशाला?

प्लेनो, १० मार्च २००२

चि. सौ. शोभनास,

आईचे अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, प्रकृती उत्तम आहे. फोन हॉलमध्ये आहे आणि राधिकाचे कान घरभर. सगळी नोकरी टपाल खात्यात काढली, बंद पाकिटावर माझा अजून भरवसा आहे.

इथे काहीतरी शिजतंय. घरात चांगला दांडगा व्हॅक्यूम क्लीनर असताना सूनबाईंना आता हलका हवाय, आणि स्वस्तही. दुकानात एकेक उचलून एका हाताने पेलतो का बघते, मग किंमत वाचून हळूच खाली ठेवते. पहिला आणला तो वजनाला काहीच नाही, पण कार्पेटवर सांडलेले जिरे जागचे हलले नाहीत. वापरलेला तसाच दुकानात परत दिला, आणि त्यांनी निमूट पैसे दिले! दुसरा बॅटरीवरचा. त्याने अर्ध्या जिन्यात मान टाकली. तोही परत. या देशातल्या दुकानदारांना राग येतच नाही की काय.

तेवढ्यावर भागलं असतं तर लिहिलं नसतं. फोन वाजला की राधिका घरभर व्हॅक्यूम फिरवते आणि मला म्हणते, चला, बाहेर जाऊन येऊ. परवा तर ओल्या केसांनी गाडीत बसवलं. तळ्याकाठी तासभर बदकं बघितली. परतलो तर न्हाणीघरातला दिवा चालू, माझ्या पलंगावर कुणी बसल्याची खूण आणि कार्पेटवर बुटांचे ठसे! विचारलं तर म्हणाली, पेस्ट कंट्रोलवाले. पेस्ट कंट्रोलवाले पलंगावर बसतात होय? कालपासून माझे देवही टॉवेलांच्या कपाटात गेलेत. उल्हास बिचारा सकाळी ऑफिसला जातो तो संध्याकाळी येतो, त्याला यातलं काय ठाऊक असणार? माझी अडचण होत असेल तर तसं सरळ सांगावं. मी तुझ्याकडे येऊन राहीन.

जावईबापूंना आशीर्वाद. आईवर लोभ ठेव आणि उत्तर पाकिटातच घाल.

तुझी आई

ॲन आर्बर, १६ मार्च २००२

प्रिय राधिका,

स. न. वि. वि. इथे अजून बर्फ आहे, त्यामुळे डोकं थंड ठेवून लिहायचा प्रयत्न करते आहे.

आईचं पत्र आलं. स्पष्टच विचारते, हलका व्हॅक्यूम नक्की कुणाच्या हातासाठी शोधते आहेस? आईच्या मनगटाला झेपावा म्हणून तर नाही ना? ती पहिल्यांदा अमेरिकेला आली आहे ती मुलाचं घर बघायला, झाडायला नव्हे. आणि तिला बाहेर काढून घरात येतं कोण? तिचे देव कपाटात कशासाठी? उल्हास माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्या पाठीमागे काही चाललं असेल तर ते मला कळायलाच हवं.

आईचं इकडचं तिकीट मी बघून ठेवलं आहे. अर्थात माझा समज चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

लोभ आहे म्हणून इतकं विचारलं. तो टिकवणं आता तुझ्या उत्तरावर आहे.

शोभना

प्लेनो, २१ मार्च २००२

ती. सौ. शोभनाताईंस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी खूप राग आला, मग रडू आलं. आता सगळं सांगूनच टाकते.

ह्यांची नोकरी जानेवारीतच गेली. इथे टेलिकॉममधले निम्मे ओळखीचे घरी बसलेत. आईंचं तिकीट त्याआधीच काढलेलं होतं. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी मला शपथ घालून बजावलं. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघतात आणि लायब्ररीत बसून अर्ज करतात.

घर विकायला काढलंय. आईंना दिसेल म्हणून अंगणात पाटीसुद्धा लावू दिली नाही. एजंटबाईंचा फोन येतो, अर्ध्या तासात लोक घर बघायला येतात. कार्पेट नुकतं झाडलेलं दिसायला हवं, घरच्यांचे फोटो, देव, काही दिसता कामा नये, असं त्या म्हणतात. तेवढ्या वेळात ते जुनं धूड वरखाली ओढणं माझ्या कमरेला जमत नाही. म्हणून हलका हवा होता, आणि स्वस्त का, ते तुम्हाला आता कळलंच. तिसरा मिळाला तो बरा आहे. वायरचा आहे, एका हाताने उचलता येतो, आणि पिशव्यांचा खर्च नाही, कचरा पारदर्शक डब्यात जमतो.

ताई, आईंना नेऊ नका. त्या गेल्या तर ह्यांना सकाळी उठायला कारण उरणार नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली राधिका

प्लेनो, १ एप्रिल २००२

चि. सौ. शोभनास,

आशीर्वाद. तिकीट काढलं असशील तर रद्द कर आणि माझं मागचं पत्र फाडून टाक.

नवा व्हॅक्यूम छान आहे. मलाही चालवता येतो. रविवारी दुपारी हौसेने गॅरेजमध्ये नेला आणि म्हटलं, उल्हासची गाडी झाडून काढू. त्याच्या सीटखालून जे निघालं ते डब्यात लख्ख दिसत होतं. पोळीचा चुरा, कढीपत्ता, मोहरी, दाण्याचं कूट, सगळं माझ्याच हातचं. ऑफिसात टेबलखुर्ची असलेला माणूस रोज गाडीत बसून कशाला जेवेल? मी तिथेच पायरीवर बसले. मग ते बूट, ती बदकं, सगळं आपोआप उलगडत गेलं.

कुणालाही काही विचारलं नाही. मंगळवारी फोन वाजला तेव्हा राधिकाच्या आधी मीच व्हॅक्यूम घेऊन जिना चढले, देव उचलून टॉवेलांत ठेवले आणि तिला म्हटलं, चल, बदकं बघायला जाऊ. पोर माझ्याकडे बघतच राहिली. तळ्याकाठी तिने माझा हात धरून ठेवला होता.

माझ्यावर ठेवतेस तितकाच लोभ तिच्यावरही ठेव. उल्हासला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. सकाळी डबा घेताना तो माझ्याकडे न बघता म्हणतो, आज उशीर होईल. मी बरं म्हणते. हल्ली त्याला रस्साभाजी देत नाही, कोरडीच देते. मांडीवर डबा घेऊन खाताना शर्टावर सांडायला नको.

तुझी आई