सूर्यफुलाच्या चुण्या

शनिवार, संध्याकाळी सात, गाझियाबाद

नातीच्या युनिव्हर्सिटीतून आत्ताच परतले. पाय दुखताहेत, पण मन खूश आहे. दुपारी मात्र डोकं फिरलं होतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना यंत्राची कलेशी सांगड घालून हातांनी काहीतरी करायचं होतं. ईराने आणि तिच्या तीन मित्रांनी उजेड पडला की उमलणारं कापडी सूर्यफूल केलं. मोटर पाकळ्या उघडायची, पण त्या मिटायच्याच नाहीत. मग मी ईराला कॉन्व्हेंट शाळेत शिकलेलं स्मॉकिंगचं भरतकाम शिकवलं. बारीक चुण्या, वरून टाके. ताणलेलं कापड आपोआप मागे येतं. पोरीने तीनदा उसवलं, चौथ्यांदा जमलं.

आणि आज प्रदर्शनात फुलाशेजारच्या फलकावर काय? तिघांच्या नावांपुढे 'यंत्ररचना', ईराच्या नावापुढे 'सजावट'.

"चलता है, आजी," ती म्हणाली. का म्हणून चालतं?

त्यांचे सर बघायला आले नि तिला म्हणाले, "डेकोरेशन अच्छा है, बेटा."

मला राहवलं नाही. "सर, ये टाँके उधेड़ दीजिए, फिर मोटर चलाइए."

जास्त बोलले का मी? बोलले असेन.

सरांनी पाकळी ओढून सोडली. ती मागे गेली. पुन्हा ओढली. मग ईरा बोलायला लागली, किती चुण्या, किती ताण, ती थांबेचना. शेवटी तिनेच पेन काढून 'सजावट' खोडलं.

मेट्रोत म्हणाली, "तू नसतीस तर मी गप्प बसले असते."

"ठाऊक आहे. म्हणून तर आले होते."

शाळेत चुण्या वाकड्या आल्या की सिस्टर माझ्या बोटांवर पट्टी मारायच्या. आज त्यांना अर्धी माफी.