फॉर्मवरचं 'कधीच नाही'

ती. आर्डिसताईस,

गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझा दमा कसा आहे? इथे तलाव हातभर गोठलाय (मासेमारीला उत्तम, माझ्या गुडघ्याला वाईट).

मंगळवारी त्याच गुडघ्याचं ऑपरेशन. पण भीती ऑपरेशनपेक्षा फॉर्मची आहे. 'गांजा घेता का? किती वेळा?' असं त्यात विचारलं होतं. आमची पोर सोल्वेग शेजारी बसून माझ्या वतीने लिहीत होती. पेन थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कधीच नाही," आणि वर घसा खाकरला. आता तुला तर ठाऊकच आहे. दोन वर्षांपूर्वी तूच दुकानातून गांजाच्या त्या जेलीच्या गोळ्या आणून दिल्यास ('अर्धीच घे रे, झोप लागेल'). अर्धीची एक झाली, एकीच्या दोन, आणि आता रोज चार लागतात. चार घेऊनही गुडघा दुखतो तो दुखतोच.

परवा ऑर्लिन (शेजारचा, ज्याने जन्मात चर्चच्या पातळ कॉफीपेक्षा कडक काही घेतलं नाही तो) बर्फावरच्या माझ्या खोपटात गळ टाकून बसला होता. सहज म्हणाला, त्याची भाची इस्पितळात कामाला आहे, तिथे रोज गांजा घेणाऱ्यांना भुलीचं औषध जास्त लागतं म्हणे, आणि नंतर दुखतंही जास्त. म्हणजे फॉर्मवरचं 'कधीच नाही' वाचून डॉक्टर आपले बेतानेच भूल देणार आणि मी ऐन करवतीच्या वेळी जागा होणार. म्हटलं, खात्री तरी करून घेऊ. बर्फातल्या भोकात दोघांनी हात घालायचा, कोण जास्त सोसतो बघायचं. ऑर्लिनने कारण विचारलं नाही (इकडे विचारत नाहीत, ते बरं). सकाळीच दोन गोळ्या घेतलेला मी, मिनिटभरात कळवळून हात बाहेर काढला. ऑर्लिन मात्र बायकोच्या बटाट्याच्या हॉटडिशची कृती सांगत बसला. वरून चीज पसरेपर्यंत पोचला तरी हात आतच. मग मी लाजेखातर पुन्हा घातला, आणि आता बोटं सुजून गाजरं झालीत (अक्षराला हसू नकोस).

खरं सांगून टाक, म्हणशील. कुठल्या तोंडाने सांगू? सोल्वेग सतरा वर्षांची असताना तिच्या कोटाच्या खिशात गांजाची एक विडी सापडली, तर भर जानेवारीत मी तिला घराबाहेर काढलं. माझ्या छपराखाली नशेबाज नको, म्हणालो. आठ महिने ती तुझ्याकडे राहिली. परत आली तेव्हापासून आम्ही बापलेक फक्त हवामानावर बोलतो. तिला हे कळलं तर तेही बंद होईल, ताई. मला भुलीपेक्षा त्याची धास्ती आहे.

तुझा धाकटा,
नॉर्व्हल

ता. क. सोमवारी आधीची तपासणी आहे, काहीही करून ये, आणि डॉक्टरांना तूच हळूच सांग. म्हातारा विसराळू आहे, लिहायचं राहिलं, असं म्हण. सोल्वेगला कॉफी आणायला पाठवून मग सांग.

आणखी ता. क. आत्या, मी सोल्वेग. बोटं वळेनात म्हणून बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, 'वाचू नकोस' असं तीनदा बजावून. फॉर्मवर मी 'कधीच नाही' लिहिलंच नव्हतं. 'रोज, पाच' लिहिलंय. (चार नाहीत. फ्रिजमधल्या आमिषाच्या अळ्यांच्या डब्यात लपवतात, मी बघत असते.) भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणंही झालंय, काळजी नसावी. फक्त तू सोमवारी येऊ नकोस. तू आलीस तर ते तुलाच पुढे करतील, मला स्वतः सांगायचे नाहीत.