आईच्या खुब्याची कोंबडी

४ जून, मंगळवार

सरकारी दवाखान्यात खाट फुकट, सूप फुकट, आणि खुब्याचा गोळा मात्र बाहेरून आणा! मग फुकट काय, डोंबल! बाजारात धुक्याने ओल्या झालेल्या फरशीवर आई पडली, त्याला आज नऊ दिवस झाले. डॉक्टर म्हणतो, पोलादी गोळा बसवावा लागेल, किंमत बावीसशे सोल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई अशी पडून राहिली तर छाती भरते, हेही वर ऐकवतो. जसं काही मीच तिला निजवून ठेवलंय.

५ जून

शिलाई मशीन विकलं तर गोळा येईल. मग खायचं काय?

७ जून, शुक्रवार

पोलाडा करायचा. दुसरा रस्ता नाही. आमच्या टेकडीवर कुणी आजारी पडलं की हेच – आधी कार्डं विकायची, रविवारी अंगणात कोंबडी तळून ताटं द्यायची. दोनशे चाळीस कार्डं छापली. मी आजवर कुणाचं एक घेतलेलं नाही. कुणी दारात आलं की मी सांगायचे, मला कोंबडी आवडत नाही.

९ जून, रविवार

सतरा दारं, चार कार्डं. खालच्या घरातली सोराइदा म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या मूत्रपिंडाच्या वेळी तू आली होतीस?"

नाही म्हटलं.

"मग मलाही कोंबडी आवडत नाही." दार लावलं.

खरं बोलली. तरी राग आला.

१० जून

आईने विचारलं, किती विकली. मी खोटं सांगायला लागले, तिने मध्येच तोडलं. म्हणाली, गठ्ठा बाजारात पेत्रोनिलाकडे दे. पेत्रोनिला म्हणजे बाजारात आईच्या गाळ्याशेजारची बटाटेवाली.

१२ जून

दिला. गठ्ठा तिथेच संपला, कुणी भावही विचारला नाही. पेत्रोनिला म्हणते, तीस वर्षांत तुझ्या आईने एकाही कार्डाला नाही म्हटलं नाही. मला काय माहीत! रविवारी डब्यात कोंबडी आणायची, मला वाटायचं विकत आणते.

१६ जून, रविवार

सगळी ताटं गेली. बाजारच्या बायका पहाटेच आल्या, बटाटे सोलले, शेवटी पातेली घासून गेल्या. दिवसभर आईच्या गोष्टी, आईची थट्टा. माझ्याशी एवढंच – मीठ कुठंय, चिंधी कुठंय. त्या गेल्यावर अंगण फार मोठं वाटलं. हातावर तेल उडालंय. पैसे पुरले.

१७ जून

डॉक्टरने ऑपरेशनला गुरुवार दिला. दुकानवाला त्याच सकाळी गोळा आणणार, पैसे हातावर. आधी संमतीच्या कागदावर आईचा अंगठा पाहिजे.

१८ जून, मंगळवार

आई अंगठा देत नाही. म्हणाली, "माझ्या हाडासाठी एवढी माणसं आली. तुझं मोडेल तेव्हा कोण येईल, पोरी? पैसे ठेव." आणि भिंतीकडे वळली. कागद मी तिच्या उशाखाली ठेवला.

गुरुवारी सकाळी आठ वाजले की ऑपरेशनची जागा दुसऱ्याला देतील. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे, आई. आणि ते 'नाही' नको.