मुखपृष्ठावर कोणाचं नाव

पीटर्सबर्ग,
४ ऑक्टोबर २००८

ती. आईस,
उल्यानाचा सा. न. वि. वि.

तू धाडलेल्या मिठातल्या अळंब्या रेल्वेगाडीतल्या, डबा सांभाळणाऱ्या बाईंनी नीट पोचवल्या. खोलीतल्या मुलींनी बरणी चाटूनपुसून साफ केली.

आता खरी बातमी. माझी मांगा छापायचं ठरलं! बाबा जिला ‘बटाट्याएवढ्या डोळ्यांच्या पोरी’ म्हणतात, तीच जपानी धाटणीची चित्रकथा. व्होल्गेवरच्या नावाड्याच्या मुलीची गोष्ट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांतले केस नि पाऊस शाईने काळे करत बसले. हे पुस्तक अख्खं माझं. पण प्रकाशक म्हणतात, मुखपृष्ठावर जपानी नाव घाल, रशियन बाईची मांगा कोण घेणार? मी अडून बसले तर पुस्तक हातचं जाईल, अशी भीती वाटते. काय करू? बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
उल्या


किनेश्मा,
११ ऑक्टोबर

चि. उल्यास,
अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणालीस, पण पत्र बाबांनीच फोडलं. वाचून होडीचं इंजिन उघडून बसले. जेवताना मात्र म्हणाले, वेत्लुगिना हे आडनाव काय चोरीचं आहे का? मी म्हटलं, इतकी वर्षं पोरीच्या चित्रांची टिंगल केलीत, आता आडनावाचा पुळका आला होय?

माझं विचारशील तर पुस्तक निघू दे. नाव हवं ते घाल, मी रागावणार नाही. फक्त मी बाजारभर आधीच सांगून बसले आहे, त्याचं माझं मी बघेन. लोकरीचे मोजे घालत जा.

तुझी आई,
रिम्मा


पीटर्सबर्ग,
५ मार्च २००९

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तक निघालं. गाडीतल्या बाईंजवळ दिलं आहे, उतरवून घ्या. नावाचं काय केलं ते लिहीत नाही, तुम्हीच बघा. आत्ता इतकंच.

उल्या


किनेश्मा,
१० मार्च

चि. उल्यास,
पोटभर आशीर्वाद.

परवा आठ मार्चच्या बायकांच्या सणाला शेजारची क्लावा आली होती, तिच्यासमोरच पार्सल सोडलं. बघते तर वर नुसतं नदीचं चित्र आणि खाली बारीक मजकूर. नाव कुठेच नाही. वाटलं, पोरीला नमवलं प्रकाशकांनी. क्लावा म्हणाली, चित्र मात्र छान हो, आणि कोबी भरून भाजलेली पाई कापायला लागली. मी पुस्तक कपाटात ठेवायला उठले, तेवढ्यात बाबांनी ते हातातून ओढून पालथं केलं. तिकडे ही एवढाली अक्षरं: उल्याना वेत्लुगिना.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, आपली मागची बाजू तीच त्यांची पुढची, असं त्यांनी आम्हा दोघींना ऐटीत समजावलं. तुम्हाला हो कसं ठाऊक, विचारलं तर कान लाल झाले. तुझ्या इथल्या खोलीतली सगळी मांगा ते हिवाळाभर चोरून वाचत होते म्हणे. मी हसले, मग रडले, आणि पाई गार झाली.

काल ते पुस्तक घेऊन गोठलेल्या नदीवर गेले, मासे धरत बसणाऱ्या मंडळींकडे. प्रत्येकाला हातमोजे काढायला लावून दाखवलं. आता तिथे त्यांना येगोर कोणी म्हणत नाही, ‘उल्यानाचा बाप’ म्हणून हाक मारतात. जन्मभर तू त्यांचं नाव लावलंस, आता ते तुझं लावून हिंडतात, आणि पहिल्या हाकेला ओ देतात.

माया आहेच, ती अशीच राहू दे आणि पत्र धाडत जा.

तुझी आई,
रिम्मा