आठ व्हॉल्व्हचा रिसिव्हर आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा रेडिओ दुरुस्तीचा, तोही दहा वर्षांपासून बंद, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि मी न अडखळता दोनपर्यंत पोचलो. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणी हात न धरता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. वकील म्हणाले, खाडाखोड करू नका, चुकले तर पुढच्या कलमात दुरुस्त करा. रेडिओच्या कामात ही सोय असती तर माझे अर्धे आयुष्य वाचले असते.

कलम एक. राहते घर, म्हणजे खालचे दुकान, मागची खोली आणि वरची खोली, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. तिची आई असती तर तिला मिळाले असते, पण ती सहा वर्षांपूर्वी पुढे गेली. जिन्याची तिसरी पायरी करकरते. ती दुरुस्त करू नये. कोण वर येते आहे ते मला तिच्यामुळे कळते. अर्थात मी नसताना हे कळून कोणाला काय करायचे आहे, ते मला सांगता येत नाही. तरी करू नये.

कलम दोन. दुकानातली हत्यारे, दोन मल्टीमीटर आणि सुट्या भागांचे डबेही मुलीनेच घ्यावेत. यातला बारीक पेचकस समोरच्या शिंप्याने अकरा वर्षांपूर्वी मशीनसाठी नेला तो अजून आणतोच आहे. तो त्यालाच देऊन टाकावा असे मनात होते. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला उभे राहू नये, नाहीतर पुढे भांडणे होतात. म्हणजे शिंप्याला आता पेचकस परत करावाच लागणार. कायद्याचा मला झालेला हा पहिला फायदा.

कलम तीन. माझे कॅटलॉग. एकूण एक्केचाळीस, वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सालवार. हौशी लोकांसाठी रेडिओचे सामान विकणारी एक कंपनी होती, ती दरवर्षी टपालाने पाठवत असे. पातळ कागद, शाईचा उग्र वास, प्रत्येक वस्तूचे रेषांचे चित्र आणि खाली लांबी, रुंदी, वजन. मी आणि माझा धाकटा भाऊ जमिनीवर पालथे पडून ते वाचत असू. तो डावे पान, मी उजवे. पान कधी उलटायचे यावरून मारामाऱ्या होत. आता सगळे फोनवर दिसते, पण त्याला वासही नाही आणि उलटायला पानही नाही. माझी बायको म्हणायची, "लोक स्थळं बघतात तसे हे रेडिओ बघतात. पसंत सगळे, घरी एकही नाही." कॅटलॉग रद्दीत घालू नयेत. ते कोणाला द्यावेत हे अजून ठरत नाही. पुढे लिहीन.

कलम चार. आठ व्हॉल्व्हचा शॉर्टवेव्ह रिसिव्हर, हिरवी डायल, सागवानी पेटी, माझ्या हातचा. हा मुलीला मिळावा. मात्र तो सध्या धाकट्याच्या बेकायदा ताब्यात आहे. घर सोडून गेला तेव्हा त्याने तो नेला. पुढे वडील वारल्यावर वाटणी झाली, तेव्हा मी चार माणसांत सांगितले की रिसिव्हर गेला तोच तुझा वाटा, दुकानातले काही मिळणार नाही. तो म्हणाला, "दादा, डबा रिकामा होता." मी म्हणालो, चोर तो चोर आणि वर शिरजोर. चौघांपैकी कोणी तोंड उघडले नाही. तो तसाच उठून गेला. या गोष्टीला एकतीस वर्षे झाली. आम्ही बोलत नाही. रिसिव्हर वसूल करावा.

कलम पाच. हे दोन दिवसांनी लिहीत आहे. मुलीने कलम चार वाचले आणि विचारले, "बाबा, हा रेडिओ मी कधी पाहिलाच नाही. तुम्ही त्यावर काय ऐकायचात?"

मी सांगायला तोंड उघडले आणि काहीच आठवेना. डायलवर बोट फिरवल्यावर आधी जरा जड लागून मग ती लोण्यासारखी सरकते, हे मला नक्की माहीत आहे. वजन साडेअकरा किलो, हेही माहीत आहे. पण ऐकले काय? एक गाणे नाही, एक बातमी नाही, साधी खरखरसुद्धा नाही. मुलीने पिशवी उचलली आणि काकाकडे जाऊन आली.

तिने पेटी आणली. धाकटा नळदुरुस्तीचे काम करतो, आणि इतकी वर्षे त्याने तिच्यात पाने आणि वायसर ठेवले आहेत. ती मीच बनवली, यात शंका नाही. कोपऱ्याचे सांधे माझे आहेत. पण मी पन्नास वर्षे हा धंदा केला आहे आणि लाकूड मला वाचता येते. आठ व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या तापल्या की वरची फळी आतून भाजून तपकिरी होते. ही फळी आतून कोरी आहे. तळाला आतला सांगाडा आवळायची चार भोके असावी लागतात. एकही नाही. समोरच्या खिडकीमागे डायलच्या जागी कागद चिकटवला आहे, आणि त्यावर कॅटलॉगातले चित्र आहे, हिरव्या पेन्सिलने रंगवलेले.

मग मी सदुसष्ट सालचा कॅटलॉग काढला. पान त्रेचाळीस. तोच रिसिव्हर, किट स्वरूपात, म्हणजे पेटीशिवाय नुसते सुटे भाग, आणि खाली मागणीचे कूपन. ते भरलेले आहे. माझे अक्षर, माझा पत्ता, संख्या एक. पण कापलेले नाही. मी पान उलटले. कूपनाच्या मागे एका ट्रान्समीटरच्या जोडणीचा नकाशा छापला आहे. कूपन कापले असते तर तो नकाशा अर्धा गेला असता.

म्हणजे मी कॅटलॉग खराब होईल म्हणून मागणीच पाठवली नाही. सामान येईपर्यंत पेटी तयार असावी म्हणून ती मात्र मापाने करून ठेवली. ती धाकट्याने विचारून नेली की न विचारता, तेही आता आठवत नाही. आणि मग दरवर्षी ते पान वाचत वाचत मी रिकाम्या पेटीत रिसिव्हर भरत गेलो. हे खरे असावे. तरी डोळे मिटले की बोटाखाली ती डायल अजून सरकते. हे असे असताना माझे डोके ठिकाणावर आहे असे मी वर लिहिले, त्याचे काय करायचे? डॉक्टरांनी मला फक्त वजाबाकी विचारली होती.

कलम सहा. कलम चार रद्द. मी माझ्या भावावर खोटा आळ घेतला. एकतीस वर्षे मी त्याला चोर म्हणालो आणि लोकांनी ते खरे मानले, कारण मी थोरला होतो. याची मला शरम वाटते. खालचे दुकान, हत्यारे आणि एक्केचाळीस कॅटलॉग धाकट्याला मिळावेत. कलम एक आणि दोन तेवढ्यापुरते बदलले असे समजावे. मुलीची हरकत नाही.

कलम सात. काल दुपारी तिसरी पायरी करकरली. मुलगी तर समोरच बसली होती. धाकटा वर आला. केस सगळे गेले आहेत. वकील आणि शिंपी सह्यांसाठी आलेच होते. मी त्याला कलम सहा वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबावे लागले.

तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार कोण आहे?"

वकील म्हणाले, "डॉक्टर येणार आहेत."

"मी करतो सही."

"तुम्हाला दुकान मिळतंय. साक्षीदार व्हायचं तर ते सोडावं लागेल. दोन्ही जमणार नाही."

"मग दुकान खोडा."

मी म्हणालो, "अरे, तुझंच आहे ते. घे की."

"दादा, त्या दिवशी चार माणसं बसली होती. एकानं माझ्या बाजूनं साक्ष दिली नाही. दुकान घेऊन मी काय करू या वयात? आज साक्ष द्यायची पाळी माझी आहे. ती नाही सोडणार."

हा उपकार आहे की सूड, मला उमगले नाही. विचारायची छाती झाली नाही. वकिलांनाही उमगले नसावे, ते चष्मा पुसत बसले. तेव्हा कलम सहा रद्द. त्यातला आळाविषयीचा मजकूर आणि कलम चारचे रद्द होणे मात्र कायम. दुकान, हत्यारे आणि कॅटलॉग मुलीला.

वकिलांना मी एवढेच विचारले की जिवंतपणी हातात दिलेली वस्तू मृत्युपत्रात धरतात का. ते नाही म्हणाले. म्हणून सदुसष्ट सालचा कॅटलॉग मी कालच धाकट्याच्या हातात दिला. कॅटलॉग आता चाळीस. त्याने पान त्रेचाळीस उघडले आणि बराच वेळ पाहिले. तो डावीकडे बसला होता. मी म्हणालो, "उलटू का?" तो म्हणाला, "थांब जरा."

येणेप्रमाणे लिहून पुरे केले, वाचून पाहिले, आणि जेवढे समजले तेवढे बरोबर आहे.

लिहून ठेवणार: सही

साक्षीदार पहिला, समोरचा शिंपी: माझ्यासमक्ष सही केली. पेचकस सोमवारी आणून देतो. सही

साक्षीदार दुसरा, लिहिणाराचा धाकटा भाऊ: माझ्यासमक्ष सही केली. माझा भाऊ पूर्ण शुद्धीत आहे. डबा रिकामा होता. सही

ठिकाण: वरची खोली, लोखंडी कपाटाशेजारी
तारीख: नऊला सुरू केले, सतराला पुरे झाले