काउंटरवरचे पाय

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन हातात घेतला की आई शेजारी येऊन बसते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तो चपलांच्या दुकानातल्या मुलीचा सिनेमा रविवारी टीव्हीवर लागला होता. नायक चुकीच्या बाल्कनीखाली गाणं म्हणतो आणि वरून नायिकेची आत्याच हो म्हणते, तिथे आई पूर्वीसारखी खळखळून हसली. मग नायिका अनवाणी काउंटरवर चढून नाचते ते गाणं आलं. आई म्हणाली, ही मी. एकदा नाही, सात वेळा. सकाळपासून माझ्या दोनदा चादरी धुऊन झाल्या होत्या, दूध उतू गेलं होतं. माझा तोल सुटला. म्हटलं, ती नायिका आहे, तू या सिनेमात कुठेच नाहीस, कधी नव्हतीस.

लग्नाआधी ती सिनेमात नाचायची हे खरं. या सिनेमाबद्दलही ‘मी आहे त्यात’ म्हणायची, पण कुठे ते सांगायची नाही. बाबांनी आणि आपण गर्दीत शोधून शोधून तिची किती टिंगल केली, आठवतं? तेव्हा हसायची. आता रविवारपासून टीव्हीकडे पाठ करून बसते. जेवते, पण बोलत नाही. मला फार वाईट वाटतंय रे, आणि खरं सांगू, त्याहून जास्त थकायला झालंय.

तुझ्याकडे तोच सिनेमा दुरुस्तीला आलाय ना? शोध तिला. पाठमोरी दिसली तरी चालेल.

उत्तर दे, नुसती मान डोलावू नकोस. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ताई

दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, डोळ्यांमुळे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटरवर एकेक चित्र पुसायचं: ओरखडे, धूळ, बुरशी. सिनेमाच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं. घरी गेलो की भिंतीवरही ओरखडे दिसतात. त्या नायकाचा तर मला हल्ली राग येतो. एवढं आनंदी राहायला याला वेळ कुठून मिळतो कोण जाणे.

आईला शोधलं. नायक शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवतो आणि गाण्याच्या भरात दुकानाऐवजी नायिकेचंच नाव लिहून टाकतो, तेव्हा खाली बावीस मुली नाचतात. बावीसही तपासल्या. शेवटच्या गाण्यातल्या चाळीसही. आई नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, तू खोटं बोलली नाहीस.

काउंटरवरच्या गाण्याने मात्र माझा जीव खाल्ला. त्यात चाळीस सेकंद नुसते पाय दिसतात. उजव्या घोट्यावर एक चिवट ओरखडा होता, नखाएवढा, अर्धगोल. हजारभर चित्रांतून एकेक करून काढला. चार दिवस गेले. साहेब आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की सफाई याला म्हणतात.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
धाकटा

दि. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद देते, पण आधी कान धरून उभा राहा.

आई ऐन उन्हाळ्यातही मोजे घालायची आणि आपण तिला थंडीची म्हातारी म्हणायचो. त्या मोज्यांच्या आत काय आहे ते तुला माहीत नसणार. मलाही दोन वर्षांपूर्वी तिला अंघोळ घालायला लागले तेव्हाच कळलं. उजव्या घोट्यावर नखाएवढा अर्धगोल डाग आहे. लहानपणी इस्त्रीच्या टोकाचा चटका बसलेला. रोज त्यावरून मी तेलाचा हात फिरवते.

तू काय पुसलंस, कळलं का शहाण्या? नायिकेला नाचता येत नसणार, म्हणून पाय आईचे. मी तिला विचारलं की कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं का. ती एवढंच म्हणाली की शब्द दिलाय. तीन आठवड्यांतलं हे पहिलं वाक्य.

मी तिला तोंडाने पुसलं, तू हाताने. माझं बोललेलं परत घेता येत नाही. तुझं येत असेल तर घे.
ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाग परत आणला. ओरखडा एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. नव्या माणसाला आम्ही हे पहिल्याच दिवशी शिकवतो. हा तर पायाबरोबर वळत होता, उडी मारत होता, आणि अकरा वर्षं हेच काम करणाऱ्या मला ते दिसलं नाही. थकलो होतो हे खरं, पण लाज वाटते गं.

साहेब म्हणाले, नायिकेच्या बाकीच्या दृश्यांत डाग नाही, लोकांच्या लक्षात येईल. मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला: काळाने घातलेलं काढायचं, कॅमेऱ्यासमोर होतं ते ठेवायचं. मग ते चाळीस सेकंद त्यांनी तीनदा पाहिले आणि विचारलं, कोण ही? मी सांगितलं, आमची आई.

एक चित्र मोठं छापून पाठवतोय. पुढच्या महिन्यात मी येतो. पंधरा दिवस तू फक्त झोप.

आईला नमस्कार, तुला आधीचेच सगळे बाकी आहेत.
धाकटा

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चित्र पोचलं. आईचे मोजे काढले, पाय स्टुलावर ठेवला आणि शेजारी चित्र धरलं. म्हटलं, आई, ही तूच, माझं चुकलं. काय चुकलं ते तिला कळलं नाही. तिने चित्रातल्या डागावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या घोट्यावर. आणि म्हणाली, या पोरीला कुणीतरी बसू द्या, सकाळपासून एकोणीस वेळा नाचवलंय, दमली असेल.

मग ती धरून धरून उठली, खुर्ची ओढली आणि मला तीत बसवलं.

भरदुपारी अशी शेवटची कधी बसले होते, आठवत नाही. भांडी तशीच पडलीत. उठायला गेले की आई खांदा दाबते, म्हणून हे पत्र बसूनच लिहितेय.

लवकर ये.
ताई